चांद्याच्या मातीचा एक्स-रे

आमच्या विभागप्रमुखांना एक्स-रेच्या यंत्रापेक्षा यंत्राशेजारी उभं राहून काढलेल्या स्वतःच्या फोटोचं कौतुक जास्त होतं. पन्नासच्या त्या दशकात आमच्या विद्यापीठात असं यंत्र असणं ही मोठी गोष्ट, हे मीही मान्य करतो. पण दोन वर्षं आम्ही त्यावर केलं काय? मिठाचे फोटो काढले. ते झाल्यावर पुन्हा मिठाचेच काढले. कोणी मंत्री आला की प्रमुख त्याला तळघरात घेऊन येत आणि मी, त्यांचा डेमॉन्स्ट्रेटर, बटण दाबून दाखवी. मग वरून फतवा निघाला की विद्यापीठांनी उद्योगांना मदत करावी, आणि प्रमुखांना एकाएकी उद्योगांचा पुळका आला.

पहिलं गिऱ्हाईक आलं चांद्याकडून. तिथल्या एका कारखान्यात बॉयलरच्या आतून लावायच्या, आगीला दाद न देणाऱ्या विटा होत. त्याचा मॅनेजर कडक इस्त्रीचा गृहस्थ होता. खुर्चीवर बसण्याआधी ती रुमालाने झटके. नवीन खाण सुरू केल्यापासून विटा भट्टीत निवताना तडकत होत्या. अठरा वर्षं भट्टी लावणारा मिस्त्री म्हणे माती खराब, मॅनेजर म्हणे मिस्त्री खराब.

"तुमच्या यंत्राने माती चांगली ठरवली की पोळ्याच्या आत त्याला घरी पाठवतो," मॅनेजर म्हणाला. "क्वार्टरही रिकामी करून घेतो."

इतकं स्पष्ट माझ्यासमोर बोलला तो. एका माणसाची भाकरी माझ्या तळघरावर अवलंबून आहे, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट आपण न्यायाधीश झालो अशी गुदगुली झाली, आणि त्या गुदगुलीची मला आजही किळस येते.

मॅनेजरने मातीची तीन ढेकळं आणली होती, मखमलीच्या तुकड्यात गुंडाळून. माती वाटायची, केसाएवढ्या काचेच्या नळीत भरायची आणि तासन्‌तास तिच्यातून किरण सोडायचे. फिल्मच्या पट्टीवर रेघा उमटतात. प्रत्येक खनिजाच्या रेघा ठरलेल्या. गारगोटीच्या रेघा ठळक आल्या तर वीट तडकणारच, कारण गारगोटी तापताना फुगते आणि निवताना आकसते. या मातीत त्या रेघा जेमतेम दिसत होत्या. मी एक पानी अहवाल लिहिला, की माती निर्दोष आहे. भाषणं प्रमुख देत, पण सही त्यांनी मला करायला लावली. "तुमचंही नाव होऊ द्या," असं म्हणाले. मी लपेटेदार सही केली.

महिन्याभराने कारखान्याने आमचा सत्कार ठेवला. एका विटेच्या अहवालासाठी सत्कार! गुलाबाचे हार, बुंदीचे लाडू, आणि विज्ञान व उद्योग यांच्या लग्नावर प्रमुखांचं तासभर भाषण. त्यात वीट हा शब्द एकदाही आला नाही. मॅनेजर मान डोलावत होता. दोघांना एकमेकांचं काहीच कळत नव्हतं, म्हणूनच दोघांचं इतकं जमलं असावं.

चहाच्या वेळी कारखान्याचा बडा बाबू माझ्याजवळ सरकला. नमुना निवडायचं काम त्याच्याकडे होतं आणि त्याला शाबासकी हवी होती.

"साहेब, माती कशी वाटली आमची? जुन्या खदानीतून निवडून काढली होती मी. चार पाण्यांनी धुतली, खडा खडा वेचला."

"जुन्या खाणीतून? विटा तर नव्या मातीच्या तडकताहेत ना?"

"हो, पन ते भंगार युनिव्हर्सिटीत कसं पाठवाचं? पोरगी दाखवाची तं लुगडं चांगलं नेसवूनच दाखवते ना मानूस? कारखान्याच्या इज्जतीचा सवाल हाये."

लबाडी नव्हती हो त्यात. असती तर मी निदान चिडलो असतो. पाहुण्यासमोर घरातलं उत्तम ते मांडायचं, एवढंच त्या माणसाला ठाऊक होतं, आणि मॅनेजरने तर ढेकळांकडे पाहिलंही नव्हतं, फक्त मखमल पाहिली होती. आणि मी? नमुना कुठल्या खाणीतला, हे विचारायचं मलाही सुचलं नव्हतं. तिघांत उडदामाजी काळे-गोरे काय निवडावं!

मी तसाच भट्टीकडे गेलो. मिस्त्री नोटीस मिळालेला माणूस, तरी शेवटची भट्टी भरत होता. अंगाने वाळका, भुवया आगीने कायमच्या गेलेल्या. मी कोण ते सांगितल्यावरही त्याने शिवी दिली नाही. नव्या मातीची चिमूट उचलून तोंडात टाकली, दाढेखाली धरली आणि थुंकला.

"खाऊन पाहा भाऊ. कचकच करते. जुनी माती लोण्यावानी होती. मी कवाचा सांगून राह्यलो, पन माह्या दातायवर कोणाचा इस्वास नाई."

मी चिमूटभर तोंडात घातली. खरोखर कचकचली. तीच माती रुमालात बांधून मी परत आलो आणि फोटो काढला. गारगोटीच्या रेघा इतक्या काळ्याभोर, की भिंगाची गरज पडली नाही. मी धावतच फिल्म प्रमुखांकडे नेली. त्यांनी ती हातातही घेतली नाही.

"विद्यापीठ एकाच मातीबद्दल दोन गोष्टी बोलत नसतं," ते म्हणाले.

"सर, माती एकच नाहीये."

"तुमची नोकरी पक्की व्हायची आहे ना अजून?" असं विचारून त्यांनी घंटी वाजवून दुसऱ्या माणसाला आत बोलावलं. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची ती अशी, बसल्या जागेवरून, चष्मा पुसता पुसता.

दिवाळीच्या सुट्टीत मी दुसरा अहवाल टाइप केला आणि मिस्त्रीला शोधायला निघालो. क्वार्टर गेल्यावर तो पोंभुर्ण्याकडे बायकोच्या माहेरी राहायला गेला होता. आधी बस, मग बैलांची बंडी, आणि शेवटचं कोसभर सागवानातून पायी. वाटभर मला स्वतःचा अभिमान वाटत होता. अंगणात तो कवेलू थापत होता, घरांवर घालायची साधी मातीची कौलं. आगीशी अठरा वर्षं खेळलेला माणूस!

मी फिल्म दिली. त्याने ती उन्हाकडे धरली.

"ह्या काळ्या रेघा म्हणजे गारगोटी," मी म्हणालो. "तुमचं खरं होतं."

"माहं खरं होतं थे मले मालूम हाये," तो म्हणाला. "वणीकडच्या कारखान्यानं बलावलं होतं मले. पन चांद्याची खबर तिथी पोचली. म्हनते, तुह्यावर युनिव्हर्सिटीचा ठपका हाये, तो काढून आन, मंग ये."

"मग हा कागद दाखवा त्यांना," म्हणत मी दुसरा अहवाल पुढे केला.

त्याला वाचता येत नव्हतं, पण कागद कसा असतो ते ठाऊक होतं. त्याने सरळ खालचा कोपरा पाहिला.

"सही नाई याच्यावर."

"आमच्या साहेबांनी केली नाही."

"पयल्या कागदावर कोणाची होती?"

"माझी."

"मंग तुमीच करा ना भाऊ. इथी करा."

त्याने हात धोतराला पुसून एक पाटी उलटी करून माझ्यासमोर ठेवली, टेकायला. पेन खिशात होतं. बायको दारात उभी राहून बघत होती. मी म्हणालो, "वर विचारून कळवतो."

त्याने बायकोला चहा टाकायला सांगितलं. मी तो चहा प्यालो आणि उन्हं उतरायच्या आत निघालो.

जानेवारीत माझी नोकरी पक्की झाली. प्रमुखांनी खोलीत बोलावून पेढा दिला, आणि मी वाकून त्यांच्या पाया पडलो.