तपासणी : सुदाम वाहुळ

गुरुवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास सुदाम वाहुळ यांच्या नंबरवरून फोन आला. शुक्रवारी कोणत्या शोला जायचं हे ते गुरुवारी ठरवत, म्हणून मी फोन उचलताच म्हणालो, "साडेतीनचाच घेऊ, सुदामराव." पलीकडे बाईचा आवाज होता. "दादा, उद्यापासून पेपर टाकू नका. पप्पा वारले." ती सुजाता, सुदामरावांची मुलगी. नाशिकला असते. वडिलांच्या मोबाइलमध्ये माझा नंबर 'पेपर' या नावानं होता. तो घरी पेपर टाकणाऱ्याचा असेल असं तिला वाटलं. मी कोण ते सांगितल्यावर ती म्हणाली, "मग काका, तुमच्या पेपरात बातमी येईल का?" मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी हो म्हणालो आणि डेस्कवरच्या सवयीनं विचारत गेलो : वय, दिवस, वेळ, कारण, पश्चात कोण. तिनं क्रमानं उत्तरं दिली. एकाहत्तर. सोमवारी दुपारी, मुकुंदवाडीच्या राहत्या घरी, हृदयविकारानं. शनिवारी आतल्या पानावर चार ओळी आल्या. चिकलठाण्यातल्या कारखान्यातून निवृत्त, मनमिळाऊ स्वभाव, पश्चात मुलगी, जावई, दोन नातवंडं. मनमिळाऊ हा शब्द आमच्याकडे सगळ्यांनाच लावतात. सुदामराव मनमिळाऊ नव्हते. त्या चार ओळींत सिनेमाचा उल्लेख नव्हता. बातमी मीच लिहून पाठवली होती.

आमची ओळख भांडणातून झाली. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी एका दैनिकाची रविवारची पुरवणी पाहत होतो. परीक्षण लिहिणारा सोडून गेला होता आणि नवीन माणूस मिळेपर्यंत ते सदर मी वितरकांकडून येणाऱ्या प्रेसनोटवरून लिहून काढत होतो. सिनेमा पाहायला वेळ नसे. एका सोमवारी संध्याकाळी कारखान्याच्या निळ्या गणवेशातला एक उंच, किडकिडीत माणूस पुरवणीची घडी घेऊन टेबलासमोर उभा राहिला. "हे कुणी लिव्हलं?" मी म्हणालो, आमच्या प्रतिनिधीनं. "त्यांनी पिक्चर पाह्यलं नाय." कशावरून, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. "बर्फातलं गाणं लई देखणं झालंय म्हणतात. बर्फातलं गाणं पिक्चरमध्ये हायच नाय. कापलंय त्यांनी. मी दोनदा पाह्यलं, मला नाय दिसलं. तुमच्या माणसाला कुठं दिसलं?" शेजारच्या संगणकावर पान लावणारा मतीन मान खाली घालून हसत होता. "पकडे गये, साब," तो म्हणाला. मग मी, चूक माझी आहे, हे कबूल केलं. सुदामराव शांत झाले. त्यांनी खिशातून दोरा ओवायला भोक असलेलं पुठ्ठ्याचं पिवळं कार्ड काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. त्यावर त्या सिनेमाचं नाव आणि खाली बारीक अक्षरात सहा ओळी होत्या. माझ्या संबंध परीक्षणापेक्षा त्या सहा ओळींत जास्त माहिती होती.

ते कारखान्यात क्वालिटीत होते. यंत्रावरून उतरलेला शाफ्ट मोजायचा आणि त्याला कार्ड बांधायचं हे त्यांचं काम. हिरवं म्हणजे पास, पिवळं म्हणजे दुरुस्ती, तांबडं म्हणजे भंगार. कार्डावर छापील रकाने असत : नग, दोष, ऑपरेटर, तपासणी. कंपनीनं रकाने बदलले तेव्हा जुनी कार्डं रद्दीत निघाली आणि सुदामरावांनी परवानगी घेऊन ती पोतंभर घरी आणली. तेव्हापासून पाहिलेल्या प्रत्येक सिनेमाला ते कार्ड लावत. नगाच्या रकान्यात सिनेमाचं नाव, दोषात मत, शेवटी सही. ऑपरेटरच्या रकान्यात नट किंवा दिग्दर्शक नसे. ज्या खात्यात दोष सापडला त्या खात्याच्या माणसाचं नाव असे... संकलक, ध्वनिमुद्रक, कपडेपट सांभाळणारा. ती नावं मिळावीत म्हणून ते पडद्यावरची शेवटची पाटी जाईपर्यंत खुर्चीतून उठत नसत. "नग बिघडला तर शिफ्ट कुणाची होती ते बघावं लागतं का नाय? अन् चांगला निघाला तरी बघावं. ते कुणीच बघत नाय."

त्याच आठवड्यापासून एक पद्धत पडली आणि ती बारा वर्षं चालली. शुक्रवारी त्यांची पहिली पाळी तीनला सुटे; पुढं ते निवृत्त झाले तरी वेळ तीच राहिली. तिथून ते सरळ छावणीकडच्या एकपडदा थिएटरात जात आणि सातच्या सुमारास कार्यालयात येत. मतीन लांबूनच ओरडे, "आ गये इन्स्पेक्टर साब! आज किसको लाल पट्टी?" ते उत्तर देत नसत. कार्ड माझ्यापुढं ठेवत, खुर्चीत ताठ बसून बोलत आणि मी लिहून घेई. मरणाच्या प्रसंगांवर त्यांचा विशेष राग होता. "मरणारा माणूस एवढं बोलत नाय, साहेब. माझा बाप तीन दिवस एकच म्हणत होता, खिडकी लाव. पिक्चरवाल्यांच्या घरात कुणी मेलंच नाय काय?" पडद्यावरच्या कामगाराबद्दल म्हणत, "हा कसला कामगार? अडीच तासांत एकदा घड्याळाकडं बघितलं नाय त्यानं." नटांच्या अभिनयाबद्दल ते क्वचित बोलत, ते काम सगळ्यांनाच दिसतं, त्याला तपासनीस कशाला, असं त्यांचं म्हणणं. पण एका सामान्य मारधाडपटाला त्यांनी हिरवं कार्ड लावलं होतं, कारण स्वयंपाकघरातल्या प्रसंगात ऐकू येणारा बाहेरच्या हातपंपाचा आवाज, पुढच्या प्रसंगात माणसं आतल्या खोलीत गेल्यावर, नेमका तेवढ्याच अंतरानं लांब झाला होता. "कुणीतरी बसून ते केलंय. सांगितलं नसतं तरी चाललं असतं, तरी केलंय."

हे मी सारखं करून, थोडं शुद्ध करून सदरात घालत असे. सदर गाजलं. वाचकांची पत्रं येऊ लागली. खाली नाव 'प्रतिनिधी' असंच राहिलं. एकदा, पहिल्याच वर्षी, त्यांनी विचारलं होतं, "साहेब, प्रतिनिधी म्हणजे कोण?" मी म्हणालो, म्हणजे पेपर. "पेपर पिक्चर बघतो व्हय?" मतीन मोठ्यानं हसला. मी सांगितलं की बाहेरच्या माणसाचं नाव द्यायला संपादक तयार नसतात, पण पुढं बघू. संपादकांना मी त्या दिवशी विचारलं नाही आणि नंतरही विचारलं नाही. शहरात मला समीक्षक म्हणून ओळखू लागले होते. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त कुणी तसं म्हटलं की दुरुस्त करत नव्हतो.

सुदामरावांचं मूळ गाव फर्दापूरजवळ. वडील लेण्यांत पाहुण्यांसाठी उजेड पाडायचं काम करत; दाराशी उन्हात चकचकीत पत्रा धरायचा आणि त्याची तिरीप आतल्या भिंतीवर हव्या त्या चित्रावर न्यायची. लहानपणी आत अंधारात बसून ते हे पाहत. "माझं पहिलं पिक्चर तेच," ते एकदा म्हणाले. "बाप मशीन चालवायचा अन् मी पब्लिक." मग थोडं थांबून, "एवढं काम केलंय त्या लोकांनी. कुणी केलं ते खाली कुठंच नाय. लई शोधलं मी." मी तेव्हा घड्याळ पाहत होतो, पान सोडायची वेळ झाली होती.

एका शुक्रवारी त्यांनी तांबडं कार्ड आणलं. सिनेमात एका बौद्ध कुटुंबाचं घर होतं. ते नेहमीपेक्षा हळू बोलले. "भिंतीवर निळ्या कोटातला फोटो लावला की झालं आमचं घर? अन् त्या घरात सगळी नुसती रडतात. पहिल्यापासून शेवटपर्यंत. आमच्या घरात कुणी हसत नाय का, साहेब? माझी बायको हसली तर चार घरं सोडून ऐकू जायचं." हे मी लिहून घेतलं आणि छापलं नाही. त्यांना सांगितलं, जाहिरात आली, जागा गेली. जाहिरात आली होती हे खरं आहे. पण 'आमच्या घरात' हे वाक्य प्रतिनिधीच्या तोंडी घालता येत नव्हतं. त्या मताला त्यांचं नाव लागत होतं आणि नाव द्यायचं तर आधीच्या सगळ्या मतांचा हिशोब द्यावा लागला असता.

त्यानंतर काही महिन्यांनी शहरातल्या एका चित्रपट मंडळानं परिसंवाद ठेवला आणि सदराचा लेखक म्हणून मला व्यासपीठावर बसवलं. सुदामराव चौथ्या रांगेत होते. मीच बोलावलं होतं. प्रश्नोत्तरांत एका विद्यार्थिनीनं विचारलं की आपल्या सिनेमातली दलित घरं खोटी का वाटतात. मी म्हणालो, "भिंतीवर एक फोटो लावला की त्यांचं घर झालं, असं आपल्याला वाटतं. त्या घरातली माणसं पडद्यावर फक्त रडतात. त्यांच्या घरात कुणी हसत नाही का?" सभागृहात बराच वेळ टाळ्या वाजल्या. मी चौथ्या रांगेकडे पाहिलं. सुदामरावही टाळ्या वाजवत होते, इतरांइतक्याच. बाहेर दाराशी भेटले तेव्हा म्हणाले, "आवाज नीट आला मागपर्यंत." एवढंच. पुढच्या शुक्रवारी सातला ते नेहमीसारखे आले, कार्ड ठेवलं, बोलले. त्या संध्याकाळचा विषय त्यांनी नंतर कधीच काढला नाही आणि मीही काढला नाही.

पुढं सदर बंद झालं, थिएटर बंद झालं, मतीन आखातात गेला, सुदामरावांच्या पत्नी वारल्या. मी निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं दर शुक्रवारी जालना रोडवरच्या मॉलमध्ये साडेतीनचा शो पाहू लागलो. दोन वर्षांपासून त्यांना अंधूक दिसत होतं. पडद्यावरची नावं आता भराभर वर सरकतात आणि बारीक असतात, म्हणून ती मी त्यांना वाचून दाखवत असे. झाडायला आलेला कर्मचारी म्हणे, "चाचा, खतम हो गया." सुदामराव म्हणत, "नाय झालं अजून. तुम्ही वाचा, साहेब." मी वाचत राही : प्रकाशयोजना सहायक, वाहनचालक, जेवण पुरवणारे. ते मान डोलवत ऐकत. इतकी नावं मी त्यांना वाचून दाखवली... शेवटच्या शुक्रवारी सभागृहात आम्ही धरून आठ माणसं होती. बाहेर आल्यावर त्यांना रिक्षात बसवलं. "गुरुवारी फोन करतो," ते म्हणाले.

दोन आठवड्यांनी सुजाताचा पुन्हा फोन आला. घर रिकामं करायचं होतं. मुकुंदवाडीच्या त्या दोन खोल्यांत मी बारा वर्षांत एकदाही गेलो नव्हतो, त्यानंतरच्या वर्षांतही नाही. तिनं चहा दिला. शेजारच्या काकू शेवटी जवळ होत्या, असं ती म्हणाली. "काय म्हणाले ते?" मी विचारलं. "काही नाही. पंखा जरा कमी करा, म्हणाले." मग तिनं पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. आत दोऱ्यानं बांधलेले कार्डांचे गठ्ठे होते, वर्षावार. "हे कंपनीचं काहीतरी दिसतंय. टाकून देऊ का, काका?" मी तिला कार्डं कशाची आहेत ते सांगितलं. सदराचं नाव सांगितलं. तिनं हातातला कप खाली ठेवला. "ते सदर? ते मी कॉलेजात असताना दर रविवारी मोठ्यानं वाचायचे. पप्पाच म्हणायचे, वाच, काय लिव्हलंय बघू. मी म्हणायचे, पप्पा, किती भारी लिहितो हा माणूस. ते नुसते बघत बसायचे." तिनं एका गठ्ठ्यावरचा दोरा सरळ केला. मग म्हणाली, "त्यांनी सांगितलं नाही ते जाऊ द्या. तुम्ही का नाही सांगितलं?" मी परिसंवादाच्या वर्षाचा गठ्ठा काढून चाळू लागलो.

पेटी तिनं ठेवून घेतली. त्यातलं एक कार्ड मी मागून आणलं. ते पिवळं आहे. नगाच्या रकान्यात 'परिसंवाद' लिहिलं आहे. ऑपरेटरच्या रकान्यात माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. दोषाच्या रकान्यात एकच ओळ : शेवटची नावं दाखवली नाहीत. खाली तपासणी, सुदाम वाहुळ, ती उभी, स्पष्ट सही. पिवळ्या कार्डाचा नियम त्यांनी मला पहिल्याच भेटीत समजावून सांगितला होता. "तांबडं लागलं की विषय संपला. पिवळं लागलं की नग ज्यानं केला त्याच्याकडं परत जातो, त्यानंच दुरुस्त करायचा. अन् झाला की परत माझ्याच टेबलावर आणायचा. दुसऱ्या कुणाची सही चालत नाय." परिसंवादानंतर सदर चाललं तोवर ते दर शुक्रवारी माझ्यासमोर बसत होते आणि मी निवृत्त झाल्यावर सहा वर्षं माझ्याशेजारी.

हा लेख मी या आठवड्यात तीनदा लिहिला. कार्ड टेबलावर दिव्याखाली आहे. काल गुरुवार होता. दुपारपर्यंत फोन जवळ घेऊन बसलो होतो, सवयीनं. आज साडेतीनला जाऊन आलो. नावं सुरू झाल्यावर मी ती हळू आवाजात शेवटपर्यंत वाचली. कर्मचारी दाराशी झाडू धरून थांबला होता. या वेळी तो काही म्हणाला नाही.