करंड्याचं बोलावणं

काल घासायला करंडा काढला आणि हळदीकुंकवाच्या वासासरशी पंचवटीतली ती संध्याकाळ आठवली. माझी लेक तेव्हा गल्लीतल्या मुलांना नाटक शिकवायची, आणि मंदिराशेजारच्या सभागृहात त्यांचा पहिलाच खेळ होता. तिने सगळ्यांना मोबाइलवर निरोप धाडले होते, तरी सतरंज्या रिकाम्याच. तोंडाला रंग लावलेली मुलं पडद्याआडून डोकावत होती. लेकीचे डोळे भरले. "आई, कुणीच नाही गं. मुलांना काय सांगू?" मी चार माणसांत कधी बोलत नाही, पण आमच्या गल्लीतल्या बायका कुंकू लावून बोलावल्याशिवाय कुठे जात नाहीत, हे मला ठाऊक होतं. घरून करंडा घेतला आणि निघाले. पहिल्याच दारात शब्द फुटेना. तिथल्या काकू हसल्या, "अगं, नुसतं कुंकूच लावणार की काही बोलणार पण?" मी कसंबसं म्हटलं, "माझ्या लेकीचं नाटक आहे. तुम्ही यायलाच पाहिजे." "मग असं बोलवायचं ना! थांब, भाजी उतरवते," म्हणत त्या सुनांना हाका मारू लागल्या. पुढच्या दारांत मी न अडखळता बोलले. सभागृह भरलं, तसे मुलांचे आवाजही चढले. मी मागे दाराशी उभी राहून सगळं पाहिलं. खेळ संपल्यावर चपलांच्या ढिगात माझी चप्पल काही सापडली नाही. दिवसभराच्या उन्हाने अजून तापलेल्या रस्त्यावरून अनवाणीच घरी आले, हसत हसत. लेक आता कॉलेजात नाटक शिकवते. उद्या तिच्या विद्यार्थ्यांचा खेळ आहे, आणि बोलावण्याला तिने माझाच करंडा मागितला आहे.