टर्बो पुढच्या सीझनला, पिस्टन आज

"पिस्टन कुठले घालायचे ते आज सांगा. इंजिन उघडं पडलंय," मी म्हटलं.

"टर्बोचे," मोरेश्वर म्हणाला.

"टर्बो हाय कुठं?" त्याची बायको भारती.

"येनार ना. पुढल्या सीझनला."

"मंग पिस्टन पन पुढल्या सीझनला घाल."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी इंजिनाकडे बघायला लागले.

आमचं वर्कशॉप अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीत. जुनी डिझेल इंजिनं खोलायची, साफ करायची, नवे पार्ट टाकून परत बांधायची. मी तिथली चीफ इंजिनियर. चीफ अशासाठी की दुसरा इंजिनियर नव्हताच. आता मी रिटायर्ड आजी आहे आणि घरचे मला मिक्सरसुद्धा खोलू देत नाहीत. तेव्हाची मी मात्र भलतीच रुबाबदार. गळ्यात चष्मा, एप्रनच्या खिशात मापं घ्यायचं व्हर्निअर, आणि काहीही विचारलं तरी एकच उत्तर: "कॅल्क्युलेट करून सांगते."

मोरेश्वर आणि भारती वर्सोव्याचे कोळी. तो बोट न्यायचा, ती मासळी विकायची. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा बोटींची इंजिनं आमच्याकडे यायची. सीझन उघडायच्या आत ती परत बोटीत बसली पाहिजेत. यांचं घर त्या एका इंजिनावर चालायचं. मोरेश्वरचं दुखणं वेगळंच होतं. शेजाऱ्याने टर्बोचं इंजिन घेतलं होतं. तो रोज यांच्या पुढे धक्क्याला लागायचा आणि चांगला भाव घेऊन मोकळा व्हायचा.

पिस्टनचा हा सगळा वाद कॉम्प्रेशनचा. ते म्हणजे काय, ते सांगते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन वर येताना हवा दाबतो, दाबली की हवा तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेटतं. अठरा वाट्या हवा एका वाटीत दाबली तर कॉम्प्रेशन अठरा. टर्बो हा हवा कोंबणारा पंखा. धुराच्या जोरावर फिरतो आणि सिलिंडरमध्ये जास्तीची हवा ढकलतो, म्हणजे जास्त डिझेल जळतं आणि बोट जोरात पळते. प्रवासाच्या बॅगेत दुप्पट कपडे कोंबून वर बसलात तर चेन तुटते ना, तसं आधीच कोंबलेली हवा पुन्हा अठरापट दाबली तर इंजिनाच्या झाकणाखालची चकती, म्हणजे गॅस्केट, उडतं, नाहीतर पिस्टनला तडा जातो. म्हणून टर्बोच्या पिस्टनच्या डोक्यावर खोल वाटी असते. हवेला जागा जास्त, दाब कमी.

पण टर्बो नसताना तेच पिस्टन घातले तर हवा पुरेशी तापत नाही. इंजिन सुरू व्हायला कुरकुरतं, पांढरा धूर सोडतं. आणि आज साधे पिस्टन घातले, तर टर्बोच्या वेळी अख्खं इंजिन परत खोला.

मी आमच्या मालकांकडे गेले. जयेशभाई चहा पीत होते.

"पार्टी काय बोलते?"

"नवरा टर्बो बोलतो, बायको नाही बोलते."

"बिल कोण देणार?"

"बायको."

"मग मला काय विचारता, मॅडम?"

पिस्टनवाल्याला फोन केला. तो म्हणाला, टर्बोचेच घाला, डिझेलला काही फरक पडत नाही. इंजिनात डिझेल सोडणारा पंप दुरुस्त करतो त्या पंपवाल्याला केला. तो म्हणाला, साधेच राहू द्या, टर्बोचा दाब हलका ठेवला की झालं, फक्त माझा पंप बदलायला लागेल. तिसऱ्या एकाला केला, तर त्याने मलाच विचारलं की त्याच्या टेम्पोत कुठले घालू. संध्याकाळपर्यंत मला पिस्टन वर जातो की खाली, हेही नीट आठवेना.

मग तेव्हाच्या त्या हुशार बाईने कॅल्क्युलेट केलं. खोल वाटीचे पिस्टन घ्यायचे आणि वर सगळ्यात पातळ गॅस्केट टाकायचं. जागा थोडी कमी होते, कॉम्प्रेशन मध्ये कुठेतरी येतं. साडेसोळा. लग्नात दोन्हीकडच्यांना खूश करायला निघालेल्या आत्यासारखा हा आकडा. कुणालाच नको असलेला.

वर्कशॉपमध्ये इंजिन पहिल्याच बटणाला सुरू झालं. दुपारचं ऊन, वर तापलेला पत्रा, बॅटरी नवीकोरी. तिथे माझं व्हर्निअरसुद्धा सुरू झालं असतं. भारतीने सायलेन्सरकडे बघितलं.

"ताई, धूर पांढरा वाटतो."

"नवीन आहे. बसेल."

ती टोपली उचलून निघाली. मला वाटलं, पटलं तिला.

सीझनला थोडेच दिवस राहिले होते. इंजिन बोटीत बसवलं आणि ट्रायलला मी स्वतः गेले, लाइफजॅकेट घालून, फुग्यासारखी. सकाळची वेळ होती. सुरू व्हायला इंजिनाने जरा नखरे केले, पण निघालो. खाडीच्या तोंडाशी आल्यावर मोरेश्वरने इंजिन बंद केलं.

"बंद का केलं?"

"इथं डोल टाकतो ना आमी."

"आज कुठे टाकायचीय?"

"सवय, मॅडम. डोल टाकली की मशीन बंद. पानी फिरेपर्यंत गप बसायचं. मंग चालू करायचं, डोल काढायची, परत बंद."

डोल म्हणजे पिशवीसारखं जाळं. भरती-ओहोटीच्या धारेत ते उभं करून ठेवायचं, धार आपोआप मासळी आत आणते. तोवर इंजिनाचं काहीच काम नसतं. ते गार होत पडून राहतं. आणि प्रत्येक खेपेला ते नव्याने सुरू व्हावं लागतं.

मी या माणसाला स्पीड विचारला होता, डिझेल किती लागतं ते विचारलं होतं, बोटीची लांबी विचारली होती. दिवसातून किती वेळा बंद करता, हे विचारलं नव्हतं.

"आता चालू करा," मी म्हटलं. आवाज मलाच बारीक वाटला.

गप्पांत बराच वेळ गेला होता, इंजिन गार झालं होतं. बटण दाबलं, घरघर झाली, पांढऱ्या धुराचा लोट आला, बंद. पुन्हा तेच. ओहोटी लागली होती आणि बोट हळूहळू बाहेर सरकायला लागली. बॅटरीचा आवाज जड झाला.

"थांबा, मी जरा विचार करते," मी म्हटलं.

"करा, मॅडम," मोरेश्वर म्हणाला आणि काठीच्या टोकाला फडक्याचा बोळा गुंडाळायला लागला. डिझेलमध्ये बुडवून त्याने तो पेटवला आणि जिथून इंजिन हवा ओढतं तिथे धरला. गरम हवा आत गेली, इंजिन खोकत खोकत सुरू झालं. मी तोंड फिरवून समुद्राकडे बघत बसले. असलं काही आमच्या वर्कशॉपमध्ये कुणी केलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं.

भारती किनाऱ्यावर उभी होती.

"चालू झाली?"

"झाली," मी म्हटलं.

"बटनावर का बोळ्यावर?"

मी लाइफजॅकेटची गाठ सोडवत राहिले.

"ताई, ह्यो मानूस तिकडं पान्यात असतो. मी इकडं टोपली घेऊन बसते. धक्क्याला पयला आला नाय तर भाव कमी येईल. आलाच नाय, तर मी काय करू?"

मोरेश्वर दोरी बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "साधे घाला, मॅडम."

इंजिन परत वर्कशॉपला आलं. उथळ वाटीचे साधे पिस्टन, नेहमीचं गॅस्केट, कॉम्प्रेशन अठरा. काम फुकट करून दिलं, त्यामुळे जयेशभाई बरेच दिवस माझ्याशी फक्त "हां" आणि "नाय" एवढंच बोलले. सीझनच्या पहिल्या दिवशी बोट बाकीच्या बोटींबरोबर निघाली. पहिल्याच बटणाला.

टर्बो आला, पण बऱ्याच उशिरा. साध्या पिस्टनवरच लावला आणि दाब इतका कमी ठेवला की गॅस्केटला त्याचा पत्ताही लागला नाही. पंप बदलावा लागला. म्हणजे पंपवाला बरोबर होता. पिस्टनवाला चूक होता का, ते मला अजून नक्की सांगता येत नाही. रात्री नाही, पण मधे मधे दुपारी भाजी निवडताना मी तो हिशेब पुन्हा मांडते, आणि दर वेळी वेगळं उत्तर येतं.

एवढं मात्र कळलं. इंजिन किती पळवणार हे सगळेच विचारतात. ते बंद किती वेळा करणार, हेही विचारावं. माझ्या पुस्तकांत हा प्रश्न नव्हता. पण पुस्तकांत भारतीही नव्हती, आणि ती तर पहिल्या दिवसापासून माझ्या समोर उभी राहून बोलत होती.