मोठी मोटर

लालबागहून निघालो त्या सकाळी बाबा मला सोडायला खाली आले नाहीत. नळाला पाणी आलं होतं आणि ते मोरीत मोटर धरून बसले होते. नळाच्या पाइपाला मोटर जोडायची आणि शेजाऱ्याच्या आधी पाणी खेचायचं, हे आमच्या चाळीत घरोघरी चालतं. त्या आवाजातच ते ओरडले, “सांभाळून जा हां झिला!” मला काही वावगं वाटलं नाही.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. हिमाचलात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि दुसऱ्या वर्षी, हिवाळ्यात, प्रोजेक्टसाठी स्पितीतल्या एका गावी पद्मा आंटींकडे राहिलो. त्या घरात तारेवरची वीज नाही. छपरावर सोलर, कोपऱ्यात बॅटऱ्या. जमिनीखाली नळ्यांचं वेटोळं आहे. उन्हाने आणि चुलीने तापलेलं पाणी एक बारका पंप त्यातून फिरवतो, म्हणून जमीन ऊबदार राहते.

त्या वर्षी ती नीट तापत नव्हती. आंटींच्या म्हाताऱ्या सासूबाईंना दमा, त्या जमिनीवरच झोपायच्या. मी फोनवर बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “बारक्या मोटारीक पाणी गावाचा नाय. मोठी बसव.” मलाही तसंच वाटत होतं. कॉलेजातून मोठा पंप आणून बसवला. संध्याकाळी जमीन छान तापली, मी खूश.

सकाळी उठलो तर मोठ्या पंपाने रातोरात बॅटऱ्या रिकाम्या केलेल्या, पंप बंद, जमीन बर्फासारखी. सासूबाई पाय पोटाशी घेऊन खोकत होत्या, धाप थांबत नव्हती. आंटींनी चूल पेटवून त्यांची छाती शेकली. दुपारी जरा उतार पडल्यावर त्यांनी पाना घेऊन पाइपातली गाळणी उघडली. आत नुसता गाळ. ती धुतली, जुना पंप परत लावला आणि म्हणाल्या, “बेटा, ये पानी कहीं जा थोड़ी रहा है? घूमके यहीं आता है. इसको खींचना किसलिए?”

पाणी कुणाकडून आणायचं नव्हतंच, फक्त फिरतं ठेवायचं होतं. हे मी परीक्षेत लिहिलंही होतं. हाताला मात्र चाळीचीच सवय.

तेव्हापासून शिसारी येते. आधी स्वतःची आली, मग आपल्या सगळ्यांची. आपली मोटर फुटक्या पाइपातून गटाराचं पाणीही खेचते. ते वास मारणारं पाणी आपण फडक्याने गाळून प्यायलो. शेवटच्या खोलीतल्या सावंत काकूंचा नळ नुसता फसफसायचा. त्या कळशी घेऊन आमच्या दारात यायच्या, आई अर्धी कळशी द्यायची, आणि आम्ही किती चांगले असं आम्हाला वाटायचं. त्यांचंच पाणी त्यांना उपकार म्हणून!

गेल्या आठवड्यात धीर करून बाबांना म्हटलं, “मोटर काढा.” ते हसले. “मगे आमी पियाचा काय? सगळ्यांनी काढली तर मी पण काढतंय. पयलो मीच कित्याक?”

‘कारण काकूंच्या नळाला पाणी येत नाही,’ असं म्हणायला हवं होतं. मी फोन ठेवला.

मे महिन्यात घरी येतोय. दारात आई तांब्या पुढे करील. घर माझं तेच आहे, दुसरं नाही. पण ते पाणी घशाखाली उतरेल का, खरंच सांगता येत नाही.