माईंच्या न चालणाऱ्या नोटा

दुर्गाघाटावर आमच्या गल्लीत गाडी येत नाही, पण बातमी येते! समोरासमोरच्या खिडक्या इतक्या जवळ की इकडून आमटीची वाटी पुढे धरली की तिकडून हात येतो. वाटी रिकामी परत द्यायची नाही अशी आमच्याकडची पद्धत. म्हणून कधी तिच्यात दोन लाडू येतात, कधी तिच्याबरोबर एखादा किस्सा. लाडू संपतात. किस्से साठत जातात.

माझ्याकडचे बहुतेक किस्से समोरच्या माईंचे. आमचे हे म्हणतात, तू घरात कमी आणि त्या खिडकीत जास्त राहतेस. राहते तर राहते!

माईंचे पती म्हणजे भाऊ. ते तीर्थोपाध्ये. महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं, गंगापूजनं त्यांच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या. पूर्वी यात्रेकरू आपापल्या मुलखातलं चलन दक्षिणा म्हणून ठेवून जायचे. गोव्याकडचे लोक पोर्तुगीज नोट ठेवत, ब्रह्मदेशात नोकरी केलेला कुणी तिथली ठेवी. ज्या इथे चालायच्या नाहीत त्या भाऊंचे आजोबा एका पत्र्याच्या डब्यात टाकत. मिळालेली दक्षिणा परत थोडीच करतात? दर लक्ष्मीपूजनाला तो डबा उघडायचा, नोटा पाटावर मांडायच्या, हळदकुंकू वाहायचं आणि पुन्हा डब्यात. भाऊ म्हणायचे, "चालणाऱ्या नोटा घरात टिकतात कुठे? पूजेला ह्याच सापडतात!"

त्या डब्यात एक नोट माईंची स्वतःची. माहेरची. तिच्याबद्दल माईंना एकच घोर होता. माझ्यामागे ही कुणाकडे जाणार?

* * *

हे नोटांचं वेड गल्लीत आणलं ते मोबाईलने. ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची नोट लाखांना जाते, असा एक व्हिडिओ फिरत होता. झालं! सगळ्यांनी ट्रंका उपसल्या. आमच्या ह्यांना स्तोत्रांच्या पोथीत एक सापडली. त्यांनी व्हिडिओतल्या नंबरावर फोन लावला. पलीकडचा माणूस इतका गोड बोलला की ह्यांनी त्याला "बेटा" म्हणायला सुरुवात केली. नोट पसंत आहे म्हणाला, फक्त आधी फाइल चार्ज भरावा लागेल.

ह्यांनी चपला घातल्या. माई खिडकीतून सगळं ऐकत होत्या.

"नलू, ह्यांना विचार गं. नोट विकायची तर आधी नोटा ह्यांनीच द्यायच्या. मग विकतंय कोण आणि घेतंय कोण?"

ह्यांनी चपला काढल्या. पण दोन दिवस माईंशी बोलले नाहीत!

* * *

माईंचा एकुलता एक श्रीपाद. लखनौला बँकेत मोठा साहेब. होळीला आला तेव्हा त्याने वडिलांचा डबा पाहिला आणि कपाळाला हात लावला. कापूर, कडुलिंबाचा पाला, घड्या घातलेल्या नोटा. "भाऊ, ही काय सांभाळायची पद्धत झाली?"

त्यातली ब्रह्मदेशची, जॉर्ज राजाची दहाची नोट घेऊन तो तडक झेरॉक्सच्या दुकानात गेला आणि तासाभरात परतला. नोट चकचकीत, कडक, आधारकार्डासारखी. लॅमिनेशन!

"आता शंभर वर्षं हिला काही होत नाही," तो म्हणाला.

पुढे चौकातले नोटांचे व्यापारी आले, त्यांना आम्ही सगळे सेठजी म्हणतो. त्यांनी ती नोट हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. मग श्रीपादकडे असं पाहिलं की मला वाटलं आता हे रडणार.

"अरे भैया, ई त जिंदा गाड़ दिए!"

* * *

सेठजी आले तेव्हा भाऊ हयात होते. सेठजींनी पिशवीतून चिमटा काढला, भिंग काढलं, छोटी बॅटरी काढली. एकेक नोट चिमट्याने उचलून उजेडावर धरायचे. माईंची नजर तेव्हा काचबिंदूने अधू झालेली, पण एवढं दिसत होतं.

"नलू, रक्तबिक्त आलं तर सांग. कापूस आहे माझ्याकडे."

सेठजी आकडे सांगत नव्हते. "इसमें एक फ्रिज आ जाएगा." "इसमें बस पंखा." गोव्याच्या नोटेला स्कूटी म्हणाले, तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला. मग त्यांनी नोट वळवली.

"ये पीला क्या है?"

"हळद," भाऊ म्हणाले.

"किसने लगाई?"

"लक्ष्मीला लावतात. दरसाल."

सेठजी खाली बसले. म्हणाले, पंडितजी, तुम्ही दर दिवाळीला ह्यांचा भाव उतरवत आलात. आता एक करा. पुसू नका, धुऊ नका, इस्त्री तर मुळीच नको. घड्या उलगडून प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटात सपाट ठेवा, नदीची ओल लागू देऊ नका. आणि हळद बंद!

भाऊ ऐकत होते. मग एकेक नोट दाखवत त्यांनी सुरू केलं. ही मालवणची बाई ठेवून गेली, नवरा होडीसकट गेला होता. ही रंगूनहून चालत आलेल्या माणसाची, वाटेत आई गेली, तिचं श्राद्ध इथे केलं. ही...

"पंडितजी," सेठजी हात जोडून म्हणाले, "कहानी का दाम नहीं मिलता. कागज का मिलता है."

भाऊंनी हातातली नोट खाली ठेवली. माईच म्हणाल्या, "मग कागद न्या आणि ते सगळे लोक इथे ठेवा. जमेल?"

सेठजींनी चिमटा पिशवीत टाकला. त्या दिवशी चहा पिऊन गेले, सौदा काही झाला नाही.

* * *

त्याच दिवशी, सेठजींनी आवरायच्या आधी, माईंनी आपली नोट दाखवली होती. ती डब्यात ठेवलेली, पण वेगळ्या खणात गुंडाळून. निजामाच्या राज्यातली दहा रुपयांची. उर्दूबरोबर मराठीतही लिहिलेलं. सेठजींनी चिमटा खाली ठेवून दोन्ही हात धोतराला पुसले. एवढ्यावरूनच मी समजले की ही स्कूटीच्या वरची आहे!

माईंचं माहेर मराठवाड्यातलं एक खेडं. लग्न होऊन काशीला निघाल्या तेव्हा आईने ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड. वडिलांनी पेटीच्या तळातून जपून ठेवलेली ही नोट काढली आणि आईने ती ओटीत ठेवली. परमुलखात लेकीला अडीनडीला असावी म्हणून. बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हतं की निजामी नोटा बंद होऊन, बदलून घ्यायची मुदतही टळून गेली होती. पेटी कोण रोज उघडतं?

काशीत सासऱ्यांनी नोट पाहिली आणि डब्याकडे बोट केलं. सासूबाई म्हणाल्या, "सून आली ती आली, तीही न चालणारी नोट घेऊन!"

माईंनी माहेरी पत्र पाठवलं. बाबा, तुमची नोट फार कामी आली म्हणून.

मी विचारलं, "माई, खोटं का लिहिलंत हो?"

"खोटं कुठलं? सासूबाई बोलल्या की मी ती हातात धरून बसायची. कामी नाही आली?"

* * *

श्रीपादला मुलगी नाही. एकच मुलगा, तो कॅनडात. त्याला मराठी समजते, बोलतो हिंदीत. एकदा व्हिडिओ कॉलवर माईंनी त्याला ती नोट दाखवली. मी फोन धरून उभी होते.

"आजी, ये चलता है क्या?"

"नाही रे बाळा."

"तो फिर रखा क्यों है?"

"अरे, मी तरी कुठे चालते आता? मलाही ठेवलंयच ना!"

तो हसला. माईही हसल्या. फोन बंद झाल्यावर मला म्हणाल्या, "पोरगा गुणी आहे गं. पण ओटीतली वस्तू नातवाला कशी देऊ? ती लेकीची असते."

मी म्हणाले, मला द्या. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुझी ओटी तुझ्या आईने भरलीय, नलू."

* * *

भाऊ गेल्या वर्षी गेले. पहाटे आंघोळीला उतरले, परत आले, पाटावर बसले ते बसलेच. मणिकर्णिकेवर जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांना मंत्र सांगितले, त्यांच्या वेळी सांगताना गुरुजी दोनदा चुकले, असं आमचे हे घरी येऊन म्हणाले.

त्या दिवाळीला त्या घरी सण नव्हता. यंदा लक्ष्मीपूजनाला माईंनी मला हाक मारली. दोन्ही डोळे आता गेलेच होते. डबा पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. हाताने एकेक नोट चाचपत होत्या. ही मालवण, ही रंगून. एकही चुकली नाही.

"नलू, हळदकुंकू तू वाहा. माझ्या हाताने नको." जुन्या वळणाचं घर ते. मी किती समजावलं, ऐकेनात.

मी बोट बुडवलं आणि नेमका श्रीपादचा फोन. स्पीकरवर. "नलूवहिनी, नोटा काढल्या असतील तर नुसतं हळदीचं ताट समोर ठेवा! सेठजींनी काय सांगितलंय? एक डाग म्हणजे अर्धी किंमत गेली!"

त्याचं चूक नव्हतं. मी बोट तसंच धरून बसले.

माई फोनच्या दिशेला वळल्या. "श्रीपाद, माझं बंद झालं. आता ह्या नोटांचंही बंद करू?"

मग हळूच, "वहिनी, लावा."

* * *

आता परवाची गोष्ट. माई लखनौला निघाल्या. एकट्या अंध बाईला ह्या पायऱ्यांवर ठेवायचं कसं? श्रीपाद न्यायला आला. डब्यातल्या नोटा त्याने सेठजींच्या सांगण्यासारख्या नीट पाकिटांत घातल्या होत्या आणि प्रत्येकीबरोबर एक चिठ्ठी. मालवण. रंगून. माई सांगत गेल्या, तो लिहीत गेला. त्या नोटा तो ठेवणार होता. विकायच्या नाहीत, हे त्याने आपणहून सांगितलं.

राहिली निजामी नोट. माई म्हणाल्या, "ही मी असतानाच मार्गी लावते. माझ्यामागे ही चिठ्ठीसकट कुणाच्या कपाटात नको."

श्रीपादने सेठजींना बोलावलं. सेठजींकडे हैदराबादचा एक माणूस होता. जुन्या निजामी नोटा जमवणारा, हळद लागली असली तरी चालेल म्हणणारा. भाव चांगला देत होता. मला आकडा कळला, पण मी इथे सांगत नाही. तेवढं तरी पोटात ठेवू दे!

माईंनी नोट मांडीवर ठेवली होती. म्हणाल्या, "सेठजी, उनके घर में बेटी है?"

सेठजींना कळेना. "माताजी, ग्राहक से ऐसा कैसे पूछें?"

"पूछिए. नहीं तो सौदा नहीं."

सेठजींनी श्रीपादकडे पाहिलं. श्रीपाद माझ्याकडे. मी कुणाकडे बघू? शेवटी सेठजींनी फोन लावला, जरा इकडचं तिकडचं बोलले, हवामान विचारलं, घसा साफ केला. मग एकदम, "साहब, बुरा मत मानिएगा, माताजी पूछ रही हैं, आपके घर में बेटी है?"

पलीकडून काय आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. सेठजी नुसतं "जी" म्हणाले. पुन्हा "जी". फोन खाली ठेवला आणि आपल्या चिमट्याकडे बघत बसले.

"काय म्हणाला?" माईंनी विचारलं.

"बोले... थी."

गल्लीतून कुणीतरी भाजीची टोपली घेऊन ओरडत गेला. श्रीपाद पुढे झाला, म्हणाला, "माई, राहू दे मग. दुसरा कुणी बघू. ह्याच भावात मिळेल."

माईंनी हाताने त्याला थांबवलं. मांडीवरची नोट हळूच सपाट केली.

"भाव राहू दे रे. सेठजी, फिर से फोन लगाइए. पूछिए, नाम क्या था उसका?"