पोरीचा निर्जळी उपास

माझ्या नातीला सिकल आहे. विदर्भातून इकडे हिंदी मुलखात आलेल्या आमच्यासारख्या घरांत हा आजार पुष्कळ. मुलाच्या आणि सुनेच्या रक्तात तो अर्धा अर्धा होता, त्यांना कधी त्रास झाला नाही. पोरीच्या वाट्याला पुरा आला.

मी चौथी शिकले. पण रक्तात काय असतं ते डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावलं होतं. अर्ध्याहून जास्त पिवळसर पाणी. खाल्लेल्याचं सत्त्व त्यातूनच अंगभर जातं. त्या पाण्यात लाल पेशी असतात, त्या छातीतली हवा सगळीकडे पोचवतात. पांढऱ्या पेशी रोगाशी लढतात. आणखी काही अगदी बारीक असतात, त्या जखमेतून वाहणारं रक्त थांबवतात. नातीच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. अंगात पाणी कमी पडलं की जास्तच वाकतात आणि बारीक नसांत अडकून बसतात. पुढे हवा जात नाही, मग हाडं दुखतात. तिला पाणी पाजत राहा, बाई दर वेळी हेच सांगायच्या.

आणि पोरीनं हरतालिकेला निर्जळी उपास धरला.

दोन स्थळं तिचं सिकलचं कार्ड पाहून परत गेली होती. ब्राह्मणपाऱ्यात आमच्या गल्लीत त्या दिवशी घरोघरी तीजा, हरतालिकेला इकडे तेच म्हणतात. माहेरी आलेल्या लेकी नवी लुगडी नेसून, पाण्याचा थेंब न घेता बसलेल्या. नातही त्यांच्यात जाऊन बसली. मला म्हणाली, फक्त जेवणार नाही, पाणी पिऊन राहिली आहे. सुनेला खरं माहीत होतं.

दुपारी वाळूच्या पिंडीला बेल वाहायला उठली आणि गुडघे धरून खालीच बसली. ओठ पांढरे पडले होते. मी गिलास आणला, तर तिनं दात आवळले.

"आजी, रात को पूजा के बाद. बस."

सून म्हणाली, "आई, पूजा होऊ द्या. इतका वेळ काढला तिनं."

"नवऱ्यासाठी मरते काय हे पोट्टी? पाणी पाज तिले."

सून जागची हलली नाही. मी पोरीचं नाक दाबलं आणि तोंडात पाणी ओतलं. अर्धं सांडलं, गेलं तेही उलटून आलं. मग ती छाती धरून ओरडायला लागली. ऑटोत कोणाला अंगाला हात लावू देईना.

दवाखान्यात म्हणाले, छातीतही पेशी अडकल्या आहेत. ऑक्सिजन, सलाईन, मग रक्ताची पिशवी. आईबापाचं रक्त तिला चालणार नव्हतं, माझं रक्त द्यायचं वय निघून गेलेलं. कोणाच्या तरी अंगातल्या चांगल्या गोल पेशी तिच्या अंगात थेंबाथेंबानं जात होत्या. तिला श्वास पुरत नव्हता. मला देवाचं नाव आठवेना. थेंब जरा थांबला की मी नर्सला हाक मारायची. शेवटी तिनं मला बाहेर काढलं.

बाहेर बाकावर सून बसली होती. ओठ फुटलेले. मी बाटली पुढे केली, तिनं मान हलवली.

"काहून?"

"तिचा मोडला ना, आई. तिच्या जागी मी पुरा करून राहिली."

मी म्हटलं, आता दोघींना उचलू काय मी?

सकाळी पोरीनं डोळे उघडले. "मम्मी, उपास टूट गया क्या?"

"नाही बेटा," सून म्हणाली.

पोरगी माझ्याकडे पाहायला लागली. मी खोटं बोलत नाही हे तिला ठाऊक. मी पिशवीकडे पाहत राहिले.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, हे रक्त काही आठवडे साथ देईल. तिच्या हाडांत पुन्हा वाकड्याच पेशी बनणार.

आता पुन्हा हरतालिका जवळ आली आहे. मध्यंतरी आणखी एक स्थळ येऊन गेलं. उपास धरशील काय, असं काल तिला विचारलं, तर म्हणते, "देखेंगे."

त्या दिवशी सकाळीच तिला दवाखान्यात नेऊन सलाईनला बसवणार आहे. ओढत न्यावं लागलं तरी.