एकाच लाइनवरच्या दोन मोटरी

मालवीय नगरातल्या कोचिंग क्लासात कौमुदी आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवते. शिकवताना तिचा पाय एका जागी ठरत नाही. फळा ते दार, दार ते फळा.

"वास्तववादी काय म्हणतात? देशांच्या डोक्यावर कुणी हवालदार नाही. दुसऱ्याच्या मनातलं कळत नाही, म्हणून त्याच्या हातात काय आहे ते बघा."

"पण मॅडम, आता सगळ्यांचं सगळ्यांवाचून अडतं," मयूरी नावाची विद्यार्थिनी म्हणाली. "भांडण परवडेल कुणाला?"

"परवडत नसतानाही भांडतात," कौमुदी म्हणाली, आणि तिला घरचा नळ आठवला.

सोडाला भागातल्या त्यांच्या घरी सकाळी तासभरच पाणी येतं. खाली यमुनाकाकू आणि रेल्वेतून निवृत्त झालेले काका. वर कौमुदी, तिचा नवरा निहार आणि लहानगी ईश्वरी. दोन्ही घरांच्या मोटरी एकाच लाइनवर; ज्याची मोठी, त्याला पाणी जास्त. मागच्या आठवड्यात काकूंच्या दाराशी मोठ्या मोटरचं कोरं खोकं दिसलं. कौमुदीने काही विचारलं नाही. निहारच्या मागे लागून तिने त्याहून मोठी मोटर बसवून घेतली. तेव्हापासून काकू जिन्यात नुसतं "हं" म्हणत. शाळा सुटल्यावर ईश्वरीला सांभाळत मात्र त्याच. त्यांनी नाही म्हटलं असतं, तर कौमुदीचे दुपारचे वर्ग सुटले असते.

त्या संध्याकाळी ती लेकीला आणायला खाली गेली, तर ईश्वरी त्याच खोक्यात बसलेली.

"आई, ही माझी ट्रेन! आजीने दुकानवाल्या भैयाकडून रिकामा डब्बा आणला, मतलब माझ्यासाठी!"

कौमुदीने कोपऱ्यात पाहिलं. काकूंची मोटर जुनीच होती.

"काकू, मला वाटलं..."

"वाटलं तर विचारायचंस! एवढी शिकलेली तू." काकूंनी ईश्वरीची वेणी आवळली. "आता आमच्या नळाला नुसती हवा येते. हे उद्या मोठी मोटर आणायला निघालेत."

"उद्या आम्ही आमची लावत नाही. काकांना थांबवा."

"बघते."

निहारला हे पटलं नाही. "म्हणजे त्यांनी ओढून घ्यायचं आणि आपण बघत बसायचं? विश्वास ठेवू नका, असं तूच शिकवतेस ना?"

 सकाळी कौमुदी मोटरच्या बटणापाशी उभी राहिली. खालची मोटर घरघरू लागली. ती स्वयंपाकघरात गेली, परत आली, रिकामी बादली उगाच सरकवली.

"आज आंघोळ ऑफिसातच करू का?" निहारने आतून विचारलं.

तिचा हात बटणावर गेला. तिने तो मागे घेतला. खालची घरघर चालूच होती. पुन्हा हात गेला.

तेवढ्यात घरघर थांबली. जिन्यातून काकूंचा आवाज आला, "अगं, आता लाव की तुझी! अजून बराच वेळ आहे पाणी."

"काका बाजारात गेले का हो?"

"आज नाही गेले."

कौमुदीने बटण दाबलं. टाकीत पाणी पडायला लागलं. तिचे कान मात्र खालच्या दाराकडेच होते. आज नाही गेले, म्हणाल्या काकू. उद्याचं बोलल्या नाहीत.